डाय कोणाची, ड्रॉइंग कोणाचं?

तळवड्यातल्या किंवा भोसरीतल्या एखाद्या छोट्या प्रेस शॉपमध्ये उभं राहून समोरच्या एकेका वस्तूची मालकी विचारत गेलात, तर मजेशीर उत्तरं मिळतात. प्लॉट एमआयडीसीचा, 95 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर घेतलेला. शेड शेठची. प्रेस शेठची, पण हप्ते फिटेपर्यंत बँकेचीही. प्रेसवर चढवलेली डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, चाकणच्या कस्टमरची. पत्रा कस्टमरचाच, जॉबवर्कच्या चलनावर आलेला. ऑपरेटर कंत्राटदाराचा. आणि ड्रॉइंग? ते बऱ्याचदा कस्टमरचंसुद्धा नसतं. त्याच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की हे ड्रॉइंग अमुक वाहन कंपनीची मालमत्ता आहे. शेठचं अगदी निर्विवाद स्वतःचं म्हणावं असं एकच, महिन्याचं वीजबिल.

हे नुसतं गमतीचं नाही. दुसऱ्याची वस्तू आपल्या छपराखाली असणं हा या तळवडे-भोसरी-चाकण पट्ट्यातल्या धंद्याचा पायाच आहे. आयएसओ 9001 च्या 2015 च्या आवृत्तीत ग्राहकाच्या मालमत्तेची काळजी कशी घ्यायची, यासाठी 8.5.3 हे स्वतंत्र कलम आहे. वाहन उद्योगाचं आयएटीएफ 16949 तर सांगतं की ग्राहकाच्या मालकीच्या टूलवर, मालक कोण ते कळेल अशी, सहज दिसणारी कायमची खूण पाहिजे. जीएसटी कायद्याच्या कलम 143 प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत यावा लागतो, यंत्रसामग्री तीन वर्षांत. मोल्ड, डाय, जिग, फिक्श्चर आणि टूल यांना मात्र ही तीन वर्षांची मुदत नाही. म्हणजे डाय दहा वर्षं तुमच्याकडे राहिली तरी ती त्यांचीच.

मराठीत बोलताना या सगळ्याचा हिशोब कोणीही चुकवत नाही. आमची, तुमची, त्यांची, आपली, ह्याची, त्याची अशा शब्दांनी शॉप फ्लोअरवर दिवसभर मालकीची वाटणी चाललेली असते आणि ती बिनचूक असते. संध्याकाळी तोच माणूस कस्टमरला इंग्रजीत मेल लिहायला बसतो आणि तिथे गाडी अडते. दोष त्याच्या हुशारीचा नाही. मराठीची षष्ठी जेवढं सांगते तेवढं इंग्रजीची सर्वनामं सांगतच नाहीत, आणि शाळेत आपल्याला नेमकं हेच कोणी सांगितलेलं नसतं.

शाळेत काय शिकवलं? एक तक्ता. माय म्हणजे माझा, युअर म्हणजे तुझा, हिज म्हणजे त्याचा, हर म्हणजे तिचा. 2000 साली महाराष्ट्राने पहिलीपासून इंग्रजी सुरू केली. तेव्हाचे शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे याच पट्ट्यातले. चिंचवडचं मोठं प्रेक्षागृह त्यांच्या नावाने आहे. त्याआधी जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजीची ओळख पाचवीत व्हायची. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुलं 2010 मध्ये दहावी झाली. त्याच्या वर्षभर आधी फोक्सवागेनचा कारखाना चाकणला सुरू झाला होता, त्यामुळे आयटीआय करून यातली कितीतरी मुलं थेट या पट्ट्यात आली. इंग्रजी लवकर मिळाली हे चांगलंच झालं. तक्ता मात्र तोच राहिला, आणि त्या तक्त्यातलं बरोबरीचं चिन्ह खोटं आहे.

‘त्याची बहीण’ हे दोनच शब्द घ्या. ‘त्याची’मध्ये दोन गोष्टींची माहिती आहे. ‘त्या’ हा पुढचा भाग सांगतो की मालक पुरुष आहे. ‘ची’ हा मागचा भाग सांगतो की जिचा उल्लेख आहे ती स्त्रीलिंगी आहे. ‘तिचा भाऊ’मध्ये याच्या उलट. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, तेव्हापासून चा-ची-चे हे प्रत्यय आपण पाठ करत आलो, पण एका शब्दात दोन लिंगं वागवण्याची ही कसरत आपल्याला इतकी अंगवळणी पडलेली आहे की ती दिसतच नाही. हिंदीत ‘उसकी बहन’ म्हटलं तर ‘की’वरून बहीण कळते, ‘उस’ पुरुष की बाई, ते कळत नाही. इंग्रजीत ‘हिज सिस्टर’ म्हटलं तर मालक पुरुष एवढंच कळतं. सिस्टर असो, ब्रदर असो, हिज तसाच राहतो. चाकणच्या एकाच असेंब्ली लाइनवर लातूरचा, बलियाचा आणि दरभंग्याचा असे तिघे शेजारी उभे असतात. त्यात हिज आणि हरचा घोळ हिंदीतून विचार करणाऱ्याला जास्त छळतो, कारण ‘की’ ऐकून त्याचं मन बाईकडे, म्हणजे ‘हर’कडे ओढलं जातं. मराठी माणसाला इथे आयती सोय आहे. शब्दाचं डोकं बघायचं आणि शेपूट सोडून द्यायची. डोकं ‘त्या’ असेल तर हिज, ‘ति’ असेल तर हर.

ही सोय माणसांपुरतीच. वस्तू आल्या की हीच युक्ती उलटते. मराठीत गाडी ‘ती’, म्हणून ‘तिचा दरवाजा नीट बसत नाही’. यावरून ‘हर डोअर’ लिहिलं की रिपोर्ट वाचणाऱ्याला वाटतं, कोण्या बाईंच्या केबिनचा दरवाजा बिघडला. इंग्रजीत निर्जीव वस्तूंना सरसकट ‘इट’ आणि त्यांच्या मालकीला ‘इट्स’. बोल्ट पुल्लिंगी, नळी स्त्रीलिंगी, चाक नपुंसकलिंगी ही आपली सगळी संपत्ती तिथे शून्य किमतीची. (मशीन ‘ते’ की ‘ती’, हा वाद मराठीत चालू ठेवायला हरकत नाही, इंग्रजीला त्याने काही फरक पडत नाही.)

‘त्याचा’ हा शब्द तर आणखी फसवा, कारण तो पुरुषाचाही आहे आणि नपुंसकलिंगी वस्तूचाही. ‘त्याचा आवाज’ म्हणजे ऑपरेटरचा की कॉम्प्रेसर नावाच्या यंत्राचा? मराठीत संदर्भावरून कळतं. इंग्रजीत हिज आणि इट्स यांतून निवड करावीच लागते. इंग्रजीही पूर्वी आपल्यासारखीच होती. जुन्या इंग्रजीत ‘हिज’ हेच पुरुषाला आणि नपुंसक नामाला दोन्हीकडे चालायचं. ‘इट्स’ हा शब्द सोळाव्या शतकाच्या शेवटी कुठे दिसायला लागला. 1611 साली छापलेल्या किंग जेम्स बायबलच्या पहिल्या आवृत्तीत तो नाही. तळवड्यापासून हाकेच्या अंतरावर देहूत तुकोबा अभंग रचत होते, त्या काळात इंग्रजीत ‘इट्स’ अजून नवखा होता.

जर्मन तर आजही आपल्या बाजूची आहे. जर्मनमध्ये ‘त्याचा’ला ‘झाइन’ म्हणतात, ‘तिचा’ला ‘ईअर’, आणि पुढे बहीण आली की त्यांना शेपूट लागते: ‘झाइनं’, ‘ईअरं’. डोकं मालकाचं, शेपूट वस्तूची, अगदी मराठीसारखं. आणि ‘झाइन’ पुरुषालाही चालतं, नपुंसकलिंगालाही. चाकणला आलेला जर्मन इंजिनिअर आणि इथला मराठी सुपरवायझर इंग्रजीत बोलतात, तेव्हा दोघेही आपापल्या घरची जास्तीची माहिती बाहेर ठेवून आलेले असतात. त्या इंजिनिअरच्या तोंडूनही कधी यंत्राला ‘शी’ निघून जातं, कारण जर्मनमध्ये मशीन स्त्रीलिंगी आहे.

‘इट्स’चा विषय निघालाच आहे तर त्याच्या डोक्यावरच्या त्या स्वल्पविरामाचं, अॅपॉस्ट्रॉफीचं, उरकून टाकू. नामाला मालकी लावताना ती लागते: ऑपरेटर्स ग्लव्ह्ज लिहिताना आर आणि एसच्या मध्ये. त्यावरून वाटतं की इट्सलाही लागत असणार. सर्वनामाला ती कधीच लागत नाही. हिजला लावायचा विचार कोणाच्या मनात येत नाही, मग इट्सलाच का? टी आणि एसच्या मध्ये ती दिसली की तो शब्द ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ असतो. शंका आली तर त्या जागी ‘इट इज’ ठेवून वाक्य वाचून बघावं: ‘द मशीन अँड इट इज मॅन्युअल’ हे कानालाच खटकतं. गोऱ्यांनाही हे सहज जमलेलं नाही. सतराव्या-अठराव्या शतकांतल्या छापील पुस्तकांत मालकीच्या इट्सवर ती खुशाल बसलेली आढळते. हूज या शब्दाचंही असंच. ‘कोणाचा’ या अर्थाचा हूज अखंड लिहायचा, अॅपॉस्ट्रॉफीवाला ‘हू इज’चा.

रजेच्या अर्जाखाली ‘युअर्स फेथफुली’ लिहिताना आर आणि एसच्या मध्ये ती शेंडी काढण्याची प्रथा तर महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. तिथे ‘युअर्स’ म्हणजे सरळ ‘आपला’. मराठी अर्जात आपण ‘आपला विश्वासू’ लिहितो, तेच. ‘आपला’चे दोन तुकडे करून मध्ये खूण घालत नाही, तशी युअर्समध्येही घालू नये.

आता माय आणि माइन. ‘हा माझा पाना’ आणि ‘हा पाना माझा आहे’ या दोन्ही वाक्यांत मराठीला एकच ‘माझा’ पुरतो. इंग्रजीने याचे दोन शब्द केले आहेत. पुढे नाम असेल तर माय, युअर, हर, अवर, देअर. नाम मागे राहिलं किंवा आलंच नाही, तर माइन, युअर्स, हर्स, अवर्स, देअर्स. म्हणून ‘धिस स्पॅनर इज माय’ ऐकलं की इंग्रजी कान पुढच्या शब्दाची वाट बघत राहतो. माय काय? हिज तेवढा दोन्हीकडे सारखा, आणि इट्स एकटा उभा राहतच नाही म्हटलं तरी चालेल. तक्त्यात दुसरा रकाना वाढवला असता तर हे तिसरीतच संपलं असतं.

या दुसऱ्या रकान्याचा एक उपयोग मात्र तक्त्यानेही कळत नाही. ‘माझा एक मित्र टेल्कोत होता’ याचं ‘माय वन फ्रेंड’ करणं हे मराठी इंग्रजीचं खास लक्षण आहे. इंग्रजीत नामाच्या आधी मालकी आणि ‘एक’, ‘हा’, ‘तो’ यांपैकी एकालाच जागा मिळते. दुसऱ्याला मागे जाऊन ‘ऑफ’चा आधार घ्यावा लागतो: ‘अ फ्रेंड ऑफ माइन’. ‘ही आमची कंपनी’ हे मराठीत सुंदर आहे. इंग्रजीत ‘धिस अवर कंपनी’ होत नाही, ‘धिस कंपनी ऑफ अवर्स’ होतं. ‘द अवर कंपनी’ तर कुठेच होत नाही.

यापुढचा घोळ आपल्या सभ्यतेतून येतो. ‘साहेब त्यांची डायरी विसरले.’ मराठीत साहेबांना ‘त्याची’ म्हणणं म्हणजे उद्धटपणा, म्हणून आदरार्थी अनेकवचन. इंग्रजीत ‘सर फरगॉट देअर डायरी’ लिहिलं की आदर पोचत नाही, साहेब दुसऱ्याच कोणाची तरी डायरी विसरून आले असा अर्थ पोचतो. तिथे ‘हिज’च लिहावं लागतं, आणि मॅडम असतील तर ‘हर’. लिहिताना हात अडखळतो, पण इंग्रजीत तिसऱ्या माणसाचा आदर सर्वनामात नसतोच; राणीलाही ‘हर’च. मराठी ‘त्यांची’ मात्र बाई की पुरुष हे झाकून ठेवते, म्हणून न भेटलेल्या माणसाबद्दल लिहिताना आधी चौकशी करावी लागते. एक अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. गेटवरच्या पाटीत ‘प्रत्येक व्हिजिटरने आपलं ओळखपत्र दाखवावं’ असं सांगायचं असेल, तर तिथे व्यक्ती ठरलेली नाही. अशा वेळी एकाच माणसासाठी ‘देअर’ चालतं. ही हल्लीची फॅशन नाही. हा वापर चौदाव्या शतकापासून आहे. मधल्या काळात शाळामास्तरांनी तो बाद ठरवला होता, एवढंच.

उलट एका ठिकाणी इंग्रजीला मालकी जास्त लागते. ‘हेल्मेट घाला’, ‘हात मशीनमध्ये घालू नका’, ‘डोळ्यात बर (धातूचा कण) गेला’. मराठीत हात कोणाचा हे सांगायची गरज नाही, ज्याचा त्याचाच असणार. इंग्रजी मात्र युअर हेल्मेट, युअर हँड, हिज आय असं दर वेळी म्हणते. अपघाताच्या रिपोर्टात हे ‘हिज’ राहून जातं आणि ‘ही इंज्युअर्ड हँड’ असं तुटलेलं वाक्य फॅक्टरी इन्स्पेक्टरपर्यंत जातं.

आणि आता ‘आपला’. या प्रकरणातला सगळ्यात मोठा मासा हाच.

शिफ्ट बदलताना घडलेली एक साधी गोष्ट मराठीत दोन प्रकारे सांगता येते. ‘ऑपरेटरने हेल्परला आपला व्हर्नियर दिला.’ ‘ऑपरेटरने हेल्परला त्याचा व्हर्नियर दिला.’ पहिल्या वाक्यात व्हर्नियर ऑपरेटरचा. त्याने स्वतःचा काढून दिला. दुसऱ्यात तो बहुधा हेल्परचा; घेतलेला परत केला. कर्ता स्वतःच मालक असेल तर ‘आपला’ किंवा ‘स्वतःचा’, नाहीतर ‘त्याचा’, ही फारकत आपण लहानपणापासून करतो. इंग्रजीत दोन्हीला एकच वाक्य: ‘द ऑपरेटर गेव्ह द हेल्पर हिज व्हर्नियर’. हिज म्हणजे कोणाचा? ऑपरेटरचा, हेल्परचा, किंवा दोघांना सोडून तिसऱ्याच कोणाचा तरी. व्हर्नियर हे मोजमापाचं साधन; त्यावर कॅलिब्रेशनचा नंबर असतो, तो कोणाच्या तरी नावावर टूल रूममधून निघालेला असतो, आणि हरवला की हेच वाक्य पुरावा म्हणून समोर येतं.

ही फारकत आपल्या एकट्याची नाही. दापोडीत सँडविक आणि अल्फा लावल, चिंचवडला एसकेएफ अशा स्वीडिश कंपन्या या पट्ट्यात कित्येक दशकं आहेत. त्यांच्या स्वीडिश भाषेत ‘सिन’ म्हणजे आपला आणि ‘हान्स’ म्हणजे त्याचा, आणि ‘सिन’ पुढच्या नामाप्रमाणे बदलतोही. व्हर्नियरचं वाक्य स्वीडिशमध्ये सांगितलं तर ते मराठीइतकंच स्पष्ट होतं. मराठी कामगार आणि स्वीडिश साहेब, दोघांच्या घरी जे हत्यार आहे, ते नेमकं त्यांच्या मधल्या भाषेत नाही! इंग्रजीकडे ‘ओन’ आहे, ‘हिज ओन व्हर्नियर’, पण त्यात थोडा ठसका येतो, जणू कोणी शंका घेतली होती. सगळ्यात बरा उपाय म्हणजे सर्वनामाचा मोह सोडून पुन्हा नाम लिहायचं: ‘द हेल्पर्स व्हर्नियर’. शाळेत पुनरुक्ती टाळायला शिकवतात; शिफ्ट रिपोर्टात ती टाळू नये.

‘आपला’ची कामं इथे संपत नाहीत. ‘आपली कंपनी’ म्हणजे माझी आणि तुझी मिळून, ‘आमची कंपनी’ म्हणजे तुला वगळून. ‘आपलं नाव काय?’ म्हणजे अदबीने तुमचं. शिवाय ‘मी आपला गप्प बसलो’मधला तो अर्थहीन, पण सुरेख ‘आपला’ आहेच. इंग्रजीत ‘अवर’ एकच. त्यात ऐकणारा धरला आहे की नाही, ते शब्दावरून कधीच कळत नाही. पुढच्या बाजूला ‘युअर’, ज्यात तू, तुम्ही आणि आपण सगळे एकाच पंगतीला. भाव ठरवताना व्हेंडरने ‘आपलं नुकसान होतंय’ म्हटलं, तर त्यात गोडी आहे: तुमचंही होतंय, माझंही होतंय. ‘अवर लॉस’ म्हटलं की समोरचा पर्चेस मॅनेजर समजतो, तुमचं तुम्ही बघा. इथे मराठी माणूस गोडीत हरतो, आणि त्याला कळतही नाही.

याहून गंभीर गफलत अदबीच्या ‘आपला’तून होते. कस्टमरची डाय दुरुस्त झाली. मनात वाक्य येतं, ‘सर, आपली डाय तयार आहे’, म्हणजे तुमची. तक्त्यात आपली म्हणजे अवर, म्हणून मेलमध्ये जातं, ‘सर, अवर डाय इज रेडी’. ज्या डायवर कस्टमरच्या नावाचा ठसा आहे, तिच्यावर या एका शब्दाने व्हेंडरने लेखी हक्क सांगितला. बहुतेक वेळा कोणी मनावर घेत नाही. पण दोन वर्षांनी ऑर्डर थांबली, डाय परत मागितली, थकलेल्या बिलापोटी ती अडकवून ठेवली, की जुने मेल उघडले जातात.

वकील या बाबतीत शहाणे. सप्लाय अॅग्रीमेंटमध्ये ते पहिल्याच पानावर एकाला ‘बायर’ आणि दुसऱ्याला ‘सप्लायर’ असं नाव देतात आणि मग शेवटच्या पानापर्यंत तीच नावं पुन्हापुन्हा लिहितात. वाचायला कंटाळवाणं होतं, पण ‘देअर टूल’ म्हणजे कोणाचं, हा प्रश्न उरत नाही. मेलला एवढं सोवळं नको. ‘युअर डाय’ पुरतं, त्यामागे डायचा नंबर घातला तर उत्तम. आणि ज्या मेलची प्रत तिसऱ्या पार्टीला, म्हणजे टियर-वनने (वाहन कंपनीच्या थेट पुरवठादाराने) टियर-टूला (त्याच्या पुरवठादाराला) आणि सोबत वाहन कंपनीलाही पाठवलेली असते, तिथे युअरसुद्धा वापरू नये. वाचणारे तिघे असतात, आणि प्रत्येकाला युअर म्हणजे आपणच वाटतो. तिथे कंपनीचं नाव लिहावं, मग पार्टचं, मग नंबर.